मागच्या बॅटरीचा दिवा

अहो,

दिवा अकराव्या दिवशी दुपारी विझला. घरातला नव्हे. हॉलमध्ये तुम्हाला तासभर ठेवलं होतं, तिथला तेलाचा दिवा नागरवाड्याच्या भाऊजींनी आणि जाऊबाईंनी अगदी डोळ्यांत तेल घालून सांभाळला. मी म्हणतेय तो खाली पार्किंगमध्ये, आपल्या व्हॅनमध्ये उशाशी तुम्ही बसवलेला बोटाएवढा दिवा. तो मी लावला होता, कुणाला न सांगता. तुमचा जीव त्या हॉलमध्ये कधी रमला होता का? चार पाहुणे आले की "जरा गाडी बघून येतो" म्हणून तुम्ही खाली सटकायचात. मग दिवा तिथेच नको? विझू द्यायचा नाही, एवढंच मला ठाऊक होतं. बॅटरी किती दिवस पुरेल ते मला कुठलं कळायला. ते सगळं तुम्ही बघायचात.

आज तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. मुग्धा म्हणते, "आई, तू बोलत नाहीस, निदान लिही तरी." तुमचीच लेक, उपाय सुचवून मोकळी. म्हणून बसलेय लिहायला. पण आधीच सांगून ठेवते, सगळं गोड गोड लिहिणार नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात, ही काही चांगली गोष्ट केली नाहीत.

रिफायनरीतून रिटायर झालात तेव्हा तुमच्या बरोबरीचे लोक गुडघ्यांचे व्यायाम शोधत होते. तुम्ही एका शाळेची जुनी पिवळी व्हॅन घेऊन आलात. सीटखाली मुलींच्या क्लिपा आणि चिंचेच्या गोळ्यांचे कागद. मी गॅलरीतून बघितलं आणि म्हटलं, झालं, आता हे पोरं सोडायला जाणार. तुम्ही वर बघून ओरडलात, "हिच्यात आपण राहायचं!" इथे बडोद्यात, मांजलपुरात तीन खोल्यांचा फ्लॅट असताना! सोसायटीचे सेक्रेटरी विचारायला आले, "साहेब, आ गाडी छे के घर?" तुम्ही म्हणालात, "बेउ." दोन्ही. त्यांनी हात टेकले, मी तर केव्हाच टेकले होते.

सहा महिने तुम्ही त्या गाडीत घुसून होतात. पलंग झाला, ओटा झाला, माझी जांभळी सुती साडी फाडून पडदे झाले. मला न विचारता फाडलीत, तेही अजून लक्षात आहे. विजेचं सगळं काम हसमुखभाईंकडे. सयाजीगंजात स्टेशनजवळच्या गल्लीत त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. तुम्ही सकाळी तिकडे जायचात ते शेव-उसळ खाऊनच परत यायचात. मला सांगायचात, "वायर मिळत नव्हती."

मग एक दिवस जेवताना तुम्ही दोन वाट्या आणि ताकाचं भांडं पुढे ओढलंत. "हे बघ. ही पुढची बॅटरी, इंजिन चालू करणारी. ही मागची, आपल्या पंख्याची, दिव्याची. इंजिन चालू झालं की आधी पुढची भरते." पहिल्या वाटीत ताक. "ती भरली की मधला आयसोलेटर टक करून दोघींना जोडतो, मग मागची भरते." दुसऱ्या वाटीत ताक. "इंजिन बंद केलं की थोड्या वेळाने पुन्हा टक, दोघी वेगळ्या. मग रात्रभर पंखा लावून तू मागची चाटूनपुसून संपवलीस तरी पुढचीला धक्का नाही. सकाळी गाडी चालू होणार म्हणजे होणार."

"आणि पुढची भरलेली आहे, मागची रिकामी आहे आणि मी उकाड्याने जीव सोडतेय, असं झालं तर?"

"तर झाडाखाली बसायचं."

मी ताक पिऊन टाकलं, दोन्ही वाट्यांतलं. पहिलं पान इंजिनाचं आणि उरलं तर आमचं! नागरवाड्यात नवी सून म्हणून आले तेव्हा तुमच्या आईने हाच नियम दाखवला होता. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची, आणि तोवर वरण निवलेलं. त्या दिवसापासून सीटखालच्या त्या आयसोलेटरच्या काळ्या डबीला मी सासूबाई म्हणायला लागले. तुम्ही चिडायचात, "आईला मध्ये आणू नकोस." मी म्हणायची, "मी कुठे आणली? तुम्हीच स्क्रू मारून बसवलीत."

चांदोदचं आठवतं? ऐन उन्हाळा, नर्मदेचा काठ, भर दुपार, आणि पंखा बंद पडला. बडोद्याहून चांदोद ते काय अंतर, मागची बॅटरी अर्धीच भरलेली. मी म्हटलं, पुढची जोडा. तुम्ही म्हणालात, नाही. पुढे भरलेली बॅटरी असताना माणसाला घामाघूम करायचं, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणालात, "उद्या गाडी चालू झाली नाही तर ढकलणार कोण?" मी म्हटलं, "उद्याचं उद्या. तुम्ही जन्मभर उद्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवता आणि आजचा माणूस ताटकळत बसतो." तुम्ही वर्तमानपत्राची घडी केलीत आणि मला वारा घालायला लागलात. दुपार कलेपर्यंत, हात बदलून बदलून. मी पाठ करून पडले होते. वारा घेतला, पण बोलले नाही.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला गाडीत बोलावलंत. उशाशी दिव्याखाली एक नवं लाल बटण. "घे बाई. हे दाबलंस की दोन्ही बॅटऱ्या एक. पुढचीही मागच्या कामाला. झालं समाधान?"

काय सांगू, काय आनंद झाला होता मला! पंखा मिळाला म्हणून नव्हे. छत्तीस वर्षांत तुम्ही एखादा नियम माझ्यासाठी बदललात, असं पहिल्यांदा झालं होतं. मुग्धाला फोन करून सांगितलं, भजनी मंडळात सांगितलं, जाऊबाईंना तर दोनदा सांगितलं. नंतर कुठेही गेलो, पावागडच्या पायथ्याशी, डाकोरला, कधी पंखा बंद पडला नाही. थोडं गरम झालं की मी बटण दाबायची आणि तुमच्याकडे बघायची. तुम्ही चष्म्यातून वर बघून म्हणायचात, "हवा बघ कशी वाढली!" मला खरंच वाढल्यासारखी वाटायची.

या हिवाळ्यात समुद्रकाठच्या तिथल गावाला गेलो. समुद्र बघायचं मी किती वर्षं म्हणत होते. तिथे तीन दिवस तुम्ही काहीही दुरुस्त केलं नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. परत निघताना तुम्ही चावी माझ्या हातात दिलीत. "माझी कंबर धरलीय, तू चालव." मी सोसायटीच्या रस्त्यावर चालवलेली, एकदा मकरपुऱ्यापर्यंत, आणि हे म्हणतात हायवेला चालव! निघण्याआधी बॉनेट उघडायला लावलंत, ऑइल बघायला लावलंत, टायर दाबून बघायला लावलंत. मी म्हटलं, "रिटायर तुम्ही झालात की मी?" चावी मारली तर म्हणालात, "थांब. रेडिओ लावू नकोस. आधी टक ऐक." आपण दोघं गप्प बसलो. टक झालं. "ऐकलंस? आता तुला चिंता नाही. हे ऐकू आलं की दोन्हीकडे सगळं ठीक आहे असं समजायचं."

भरूचला खारी शिंग घेतलीत, खारे शेंगदाणे. टोलच्या रांगेत एकेक दाण्याचं साल काढून माझ्या तळहातावर ठेवत होतात. मला वाटलं, म्हातारा आज फारच लाडात आलाय.

तेव्हा तुमचे रिपोर्ट टेबलाच्या खालच्या खणात होते. विम्याच्या कागदांच्या खाली, एकूण तीन महिने. मला कधी कळलं? हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "काकी, तुम्हाला माहीत होतं ना?" मी मान हलवली, माहीत असल्यासारखी. त्या परक्या माणसासमोर तुम्ही खोटे पडू नयेत म्हणून. मग संडासात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

तीन महिने, अहो! तीन महिने माझ्या शेजारी जेवलात, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कटकट केलीत, आणि हे सांगितलं नाहीत? तुमच्या दुखण्यात आणि माझ्यात तुम्ही ती काळी डबी बसवून टाकलीत. तुमचं रिकामं होत गेलं आणि मला पत्ता लागू दिला नाहीत. मी तुम्हाला विचारलंही, खाटेशी बसून. "का सांगितलं नाहीत?" तुम्ही म्हणालात, "तिथल नीट बघितलंस ना?" मी म्हटलं, "हे उत्तर झालं?" तेवढ्यात नर्स आली. मग म्हटलं, उद्या विचारीन. दुसऱ्या दिवशी तुमच्या तोंडावर मास्क होता, आणि नंतर तुम्ही बोललाच नाहीत.

तर गाडी विकायचं ठरलं. मुग्धा पुण्याची, किती दिवस राहणार? तिचं म्हणणं बरोबरच होतं. एकटी बाई, अवजड गाडी, पार्किंगवरून सोसायटीची कुरकुर. तिने गिऱ्हाईक शोधलं, नवरा-बायको, फिरायची हौस असलेले. चौदाव्या दिवशी, रविवारी, बघायला यायचे होते. मी लगेच हो म्हटलं. मनात रागच होता. तुम्ही मला विश्वासात न घेता निघून जाणार आणि मी तुमच्या गाडीची राखण करत बसणार? जाऊ दे म्हटलं, ज्याची हौस त्याच्याबरोबर.

आणि तरीही रोज सकाळी खाली जाऊन दिवा लागलाय ना ते बघत होते. मुग्धाने नवव्या दिवशी पाहिला. "आई, गाडीतला दिवा चालू राहिलाय." मी म्हटलं, "राहिला नाहीये, ठेवलाय." दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तीच खाली जाऊन आली.

अकराव्या दिवशी विझला. मी बटण खालीवर करून बघितलं, काही नाही. आणि मग लाल बटणाकडे लक्ष गेलं. तेही मी दाबून ठेवलं होतं, पहिल्याच दिवशी. तुमच्यासाठी एक बॅटरी कशाला, दोन्ही लागू देत म्हटलं. म्हणजे पुढचीही संपली. तुम्ही जन्मभर जिला जपलंत ती पुढची, ती मी दहा दिवसांत संपवली होती. गाडी चालू झाली पाहिजे, एवढं एकच तर तुमचं मागणं असायचं. तिथेच पलंगावर बसून मी रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तुमच्यासाठी रडले की बॅटरीसाठी, मला सांगता यायचं नाही.

रविवारी सकाळी हसमुखभाईंना बोलावलं. म्हटलं, येणाऱ्या माणसांसमोर निदान चालू तरी झाली पाहिजे. ते दुसरी बॅटरी आणि जाड केबल घेऊन आले. मी म्हटलं, "हसमुखभाई, माझ्याकडून चूक झाली. लाल बटण दहा दिवस चालू होतं. दोन्ही बॅटऱ्या गेल्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग केबल खाली ठेवली. "भाभी, एक वार चावी तो मारो."

"अहो, उपयोग नाही."

"मारो ने."

मी बसले, चावी फिरवली. पहिल्या झटक्याला चालू! अहो, पहिल्या झटक्याला! मी केवढ्यांदा ओरडले, मुग्धा जिना उतरून धावत आली. मी म्हणतेय, अहो पण लाल बटण, ते तर चालू होतं, आणि हसमुखभाई माझ्याकडे बघेनात. खिशातून पेचकस काढला, मागे गेले, लाल बटणाची पट्टी उघडली आणि ते बटण माझ्या हातात ठेवलं.

मागे वायरच नव्हती. एकही नाही. नुसतं लाल प्लॅस्टिक.

"साहेबांनी सांगितलं होतं," हसमुखभाई म्हणाले, "भाभीने खुश राखवानी, ने गाडीने पण. मागची मोठी बॅटरी त्याच दिवशी टाकली, डबल. ने मने सोगन आप्या, भाभीने कहेवानुं नहीं." मलाही खूश ठेवायचं आणि गाडीलाही, आणि मला सांगायचं नाही, अशी तुम्ही त्यांना शपथ घातली होतीत! आणि तो साधा माणूस इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पीत ती पाळत होता.

म्हणजे हवा वाढलीच नव्हती. कधीच. पावागडला नाही, डाकोरला नाही. मी विजयी मुद्रेने ते रिकामं बटण दाबत होते आणि तुम्ही चष्म्यातून बघत... मला हसू आलं, अहो. पार्किंगमध्ये, चौदाव्या दिवशी, दुखवट्याला आलेल्या पांढऱ्या साडीतल्या माझ्या बहिणी वरच्या गॅलरीतून बघतायत आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसतेय. मुग्धा घाबरली. मग हसमुखभाईंचे डोळे भरलेले दिसले आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

इंजिन चालूच होतं. आणि सीटखाली टक झालं. मागचा दिवा लुकलुकला. पुन्हा टक, विझला. पुन्हा टक. मग तो लागला आणि लागलेलाच राहिला. सासूबाईंनी माझं पान वाढलं.

ते नवरा-बायको त्याच वेळी फाटकातून आत आले. चांगली मुलं होती. मी त्यांना चहा दिला, गाडी आतून दाखवली, पडदे साडीचे आहेत हेही सांगितलं. आणि मग म्हटलं, माफ करा, विकायची नाही. मुग्धाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला चालवता येते. तुझ्या बाबांनी शिकवलीय. तिथलपासून बडोद्यापर्यंत."

ते बोलताना माझं मलाच कळलं, तुमची कंबर धरली नव्हती. तुम्ही मला तयार करत होतात.

पण म्हणून तुमचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. बटणाचं खोटं माफ. बटणाचं खोटं तर मी आता जन्मभर मिरवीन. रिपोर्टचं माफ करायला मला वेळ लागेल. मला सांगितलं असतंत तर तिथलला मी समुद्राकडे बघितलंच नसतं, नुसती तुमच्याकडे बघत बसले असते, हे तुम्ही ओळखलंत, आणि खरंच ओळखलंत. पण ते बघत बसणंही माझं होतं, अहो. तुमचं डोकं मांडीवर घेऊन रडायचे ते तीन महिने माझ्या वाट्याचे होते. ते तुम्ही मला न विचारता बाजूला काढलेत, साडीसारखे. रडू नये म्हणून एखाद्याला हसत ठेवणं ही माया आहे हे मला कळतं. तरीही विचारायला हवं होतंत.

एवढं बोलायचं राहिलं होतं. आता बोलले. आणि एक राहिलं होतं तेही बोलते, कारण समोर असतात तर जमलं नसतं. चांदोदला तुम्ही वारा घालत होतात तेव्हा मी झोपले नव्हते. प्रत्येक वेळी हात बदललात ते मला कळत होतं. मला वळून बघायचं होतं. उगीच हट्टाने पडून राहिले.

हसमुखभाईंनी मागची बॅटरी दुकानात नेऊन भरून आणली. लाल बटण पुन्हा बसवताना विचारलं, "भाभी, आता वायर जोडून देऊ? खरोखर बेउ एक होतील." मी म्हटलं, नको. आहे तसंच राहू दे.

काल चांदोदला गेलो, मुग्धा आणि मी. मी चालवली. निघताना तिने रेडिओला हात लावला तर मी म्हटलं, थांब, आधी टक ऐक. तुमचं दिवसकार्य भाऊजींनी तिथे आधीच केलं होतं, मला फक्त बसायचं होतं. त्याच झाडाखाली गाडी लावली. दुपार झाली, ऊन चढलं. मुग्धा पलंगावर आडवी झाली. मी पंखा लावला, थोडा वेळ बसले, मग हात लांब करून लाल बटण दाबलं.

मुग्धाने डोळे उघडून विचारलं, "काय केलंस गं?"

म्हटलं, "हवा बघ कशी वाढली."